डेन्स ब्रेस्ट असेल तर सोनोग्राफी‘सुद्धा’, सोनोग्राफी‘च’ नव्हे

गेल्या आठवड्यात एक काकू आल्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर स्पष्ट ‘मॅमोग्राफी’ (स्तनांचा एक्स-रे) लिहिलेलं, पण काकूंनी मोबाइल पुढे केला. “ताई, हे वाचा. माझी सोनोग्राफीच करा ना.”

मेसेज माझ्याकडे आधीच आला होता. घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या महिला मंडळात, बहिणीच्या कळव्याच्या भिशीत, सगळीकडे तो फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘बहुतेक बायकांचे स्तन डेन्स (दाट ऊतीचे) असतात, त्यांना मॅमोग्राफीत काहीच दिसत नाही. उलट रेडिएशनने आणि दाबाने नसलेला कॅन्सर होतो. सोनोग्राफीत सगळं दिसतं. ती नॉर्मल आली की निर्धास्त राहा.’

मी नौपाड्यातल्या एका सेंटरमध्ये मॅमोग्राफी टेक्निशियन आहे. या मेसेजचा मला राग येतो, कारण त्यात एक धागा खरा आहे आणि त्याच्याच जोरावर बाकीचं खपतंय.

खरा धागा आधी सांगते. मॅमोग्राफीत चरबी काळपट दिसते, ग्रंथींची ऊती पांढरी दिसते आणि गाठही पांढरीच दिसते. ऊती दाट असेल तर गाठ शोधणं म्हणजे दहीभातात खोबऱ्याचा तुकडा शोधणं. रिपोर्टमध्ये ए, बी, सी, डी असे चार प्रकार लिहितात. त्यातले सी आणि डी म्हणजे डेन्स. अमेरिकेत चाळिशीपुढच्या साधारण निम्म्या बायका यात मोडतात. म्हणजे हा आजार नव्हे, शरीराची ठेवण आहे. मात्र अशा ठेवणीत कॅन्सरचा धोका थोडा जास्त असतो आणि झालेला कॅन्सर झाकलाही जातो.

पण स्तन डेन्स आहेत हे कळतं कशावरून? हाताला घट्ट लागतात म्हणून नाही, आकारावरूनही नाही. ते मॅमोग्राफीतच दिसतं. मॅमोग्राफी न करता ‘मी डेन्स आहे’ हे ठरवायचं कसं, याचं उत्तर मेसेज लिहिणाऱ्याने द्यायला हवं होतं.

आणि ‘काहीच दिसत नाही’ हे तर साफ चूक. मशीनवर घेण्याआधी मी प्रत्येकीला काखेतली पावडर, डिओडरंट ओल्या कापडाने पुसायला लावते. त्यातले कण फिल्मवर पांढऱ्या ठिपक्यांसारखे उमटतात, आणि आम्ही शोधत असतो तेही तसेच ठिपके: कॅल्शियमचे, मिठाच्या कणाएवढे, कधी त्याहून बारीक. दुधाच्या नळीच्या आतच असलेला अगदी सुरुवातीचा कॅन्सर अनेकदा फक्त या ठिपक्यांनी ओळखू येतो. दाट ऊतीतही ते बरेचदा उठून दिसतात. सोनोग्राफीत मात्र ते सहसा सापडत नाहीत. मॅमोग्राफी वगळली तर नेमकं हेच हातचं जातं.

रेडिएशनचं म्हणाल, तर दोन्ही बाजूंच्या तपासणीत साधारण 0.4 मिलिसिव्हर्ट. जमीन, हवा, आकाश यांतून जगात माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिळतं. म्हणजे दोन महिन्यांचं. धोका शून्य नाही, पण चाळिशीनंतर फायद्यापुढे तो फार लहान आहे. मशीनमध्ये स्तन दाबून धरतात, त्या दाबामुळे कॅन्सर होत नाही, पसरतही नाही. काही सेकंद दुखतं, हे मी कधीच नाकारत नाही. पण दाबल्यामुळे ऊती पसरून पातळ होते, चित्र स्वच्छ येतं आणि किरणही कमी लागतात.

आता ‘सोनोग्राफीत सगळं दिसतं’. जपानमध्ये 40 ते 49 वयाच्या जवळपास 73 हजार बायकांवर अभ्यास झाला, 2016 मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. एका गटाची फक्त मॅमोग्राफी, दुसऱ्याची मॅमोग्राफी अधिक सोनोग्राफी. पहिल्या गटात शंभरातले 77 कॅन्सर तपासणीत सापडले, दुसऱ्यात 91. फरक मोठा आहे, म्हणूनच मी सोनोग्राफीच्या बाजूची आहे. पण नुसत्या सोनोग्राफीचा गट त्यात नव्हताच! ती जोड म्हणून तपासली गेली.

या जोडीची किंमतही असते. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, जास्त धोका असलेल्या डेन्स बायकांमध्ये, सोनोग्राफीमुळे हजारी चार कॅन्सर जास्त सापडले. पण फक्त सोनोग्राफीवरून सांगितलेल्या शंभर बायोप्सींत (तुकडा काढून केलेल्या तपासण्यांत) कॅन्सर निघाला जेमतेम नऊ वेळा. बाकीच्या बायकांनी रिपोर्ट येईपर्यंतच्या रात्री कशा काढल्या असतील, ते मी वेटिंगमध्ये रोज पाहते. अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीनेही 2024 मध्ये म्हटलं की डेन्स असणाऱ्या सगळ्यांनाच ही जोड सुचवण्याइतका पुरावा नाही. म्हणून हा निर्णय आई-बहिणीचा इतिहास, वय आणि डेन्सिटी पाहून डॉक्टरांशी बोलून घ्यायचा. धोका फारच जास्त असेल तर एमआरआयचाही विचार होतो.

एक अपवाद आहे. तिशीतल्या मुलीला गाठ लागली तर बहुधा आधी सोनोग्राफीच करतात. ती गाठीची तपासणी झाली. काहीच त्रास नसताना करतात ते स्क्रीनिंग वेगळं.

‘नॉर्मल म्हणजे निर्धास्त’ हे वाक्य मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. दोन्ही रिपोर्ट स्वच्छ असले तरी हाताला गाठ लागली, बोंड आत ओढलं गेलं, रक्तासारखा स्राव आला तर लगेच दाखवायचं. दुखत नाही म्हणून थांबायचं नाही. हाताच्या तपासणीला कमी लेखू नका. टाटा मेमोरियलने 1998 पासून मुंबईतल्या दीड लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या एका गटाची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली, तर पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले.

काकूंना हे सगळं सांगायला वीस मिनिटं लागली. मग मॅमोग्राफी झाली. डेन्सिटी सी आली. आमच्या रेडिओलॉजिस्ट मॅडमनी ती फिल्म समोर ठेवून त्याच दुपारी सोनोग्राफी केली, डावीकडे एक साधी पाण्याची सिस्ट निघाली. दोन्ही रिपोर्ट मी एकाच लिफाफ्यात घातले आणि वर पेनाने लिहिलं: पुढच्या वेळी येताना हा लिफाफा आणणे.