जमीन वाढली नाही म्हणून आपण शहाणे?

गेल्या आठवड्यात भाच्यानं एक आलेख पाठवला. १९६१ पासूनची लागवडीखालची जमीन. दक्षिण आशियाची रेघ जवळजवळ आडवी, आणि सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेची चढत चढत दुपटीच्या जवळ गेलेली. खाली त्यानं लिहिलं होतं, "मामा, हे लोक रानं तोडत सुटलेत. आपण बघा किती शहाणे."

मला ते लागलं. पोरगा हुशार आहे, पण आलेख १९६१ ला सुरू होतो आणि आपली गोष्ट त्याच्या आधीपासूनची आहे. १९५०-५१ ला भारतात निव्वळ पेरणी क्षेत्र ११.९ कोटी हेक्टर होतं, १९७०-७१ ला १४ कोटी. वीस वर्षांत दोन कोटी हेक्टरांहून जास्त जमीन आपणही नांगराखाली घेतली. मग आकडा तिथंच अडकला, कारण पुढं नांगर घालायला फारसं रान उरलंच नव्हतं. आमच्या तीन एकरांना घरात अजून 'माळ' म्हणतात. आजोबांनी दगड वेचून तो वहितीत आणला, त्या दगडांची ताल आजही बांधावर उभी आहे.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला दोन्हीकडं धान्याचं उत्पन्न हेक्टरी टनाच्या आतच होतं. आज आपण तीन टनांच्या पुढं आहोत, आफ्रिका दीड टनाच्या आसपास. आपला शेतकरी जास्त राबतो म्हणून हे झालं नाही. त्याच्या मागं गव्हा-भाताचं नवं बियाणं होतं, कालवे होते, स्वस्त खत होतं आणि हमीभावानं धान्य उचलणारं सरकार होतं. एकाच रानात दोन पिकं निघू लागली.

तिकडं यातलं काय होतं? मका, ज्वारी, बाजरी, कसावा (ज्याचा साबुदाणा होतो तो कंद), याम (कोनफळाच्या जातीचा कंद). दर शंभर कोसांवर पीक वेगळं, त्यामुळं एक बियाणं आणून भागणार नव्हतं. (ज्वारी, बाजरी आपल्याकडं आली ती आफ्रिकेतूनच, हे आपण भाकरी मोडताना विसरतो.) माती जुनी, झिजलेली. ओलिताखालची जमीन शंभरात जेमतेम पाच. माली, चाड या देशांना बंदरच नाही, खताची गोणी शेतापर्यंत जाईतो परवडत नाही. २००६ ला नायजेरियाच्या राजधानीत, अबुजात, आफ्रिकी देशांनी ठरवलं, हेक्टरी आठ किलोवरचा खताचा वापर २०१५ पर्यंत पन्नासवर न्यायचा. आजही तो त्याच्या निम्म्यावर नाही. पूर्वी रान दोन-चार वर्षं कसून दहा-पंधरा वर्षं पड टाकायचे, त्यात माती सावरायची. खाणारी तोंडं पाचपट झाल्यावर पड कोण टाकणार? मग शेजारचं रान साफ करायचं, एवढंच हातात राहतं.

नुकसान होतंय, ते मी नाकारत नाही. २००३ ते २०१९ ची उपग्रहचित्रं सांगतात की या काळात जगात सर्वांत जास्त नवी शेती आफ्रिकेत झाली, आणि जगभरच्या नव्या शेतीपैकी जवळपास निम्मी झाडोरा व नैसर्गिक गवताळ रानं जाऊन आली. पण त्याचा दोष कुदळ धरणाऱ्या बाईच्या माथी मारणं मला पटत नाही. तिला पाणी आणि खत वेळेवर द्या, मग बोला.

आणि आपली रेघ आडवी राहिली त्याची किंमत आलेखात दिसतच नाही, कारण आलेख फक्त जमीन मोजतो. देशातलं साठ टक्क्यांहून जास्त ओलित आज जमिनीखालच्या पाण्यावर आहे. आम्ही तर मराठवाड्यातले, मुळात जिरायती. आजोबांची विहीर पन्नास फुटांची होती, तिला मोटेनं पाणी यायचं. वडिलांचा पहिला बोअर दोनशे फुटांवर लागला. या मे महिन्यात आम्ही चौथा घेतला. रात्रभर गाडी चालली, सहाशे फुटांपर्यंत गेलो. पहाटे मुकादमानं दांडे काढायला घेतले तेव्हा अंगणभर खडकाची राखाडी भुकटी पसरली होती, आणि आई ती तुळशीवरून झाडत होती.