‘हेरेडिटरी’ नुसता किळसवाणा आहे का? (उत्तर जरा लांबलंय, स्पॉयलर आहेत)

‘हेरेडिटरी’ या हॉरर पिक्चरबद्दल मी लिहिलं त्यावर चिडून का होईना पण एवढी मोठी कमेंट लिहिलीत त्याबद्दल आभार, नाहीतर हॉररवर काही लिहिलं की ‘हे असलं बघवतं तरी कसं’ यापलीकडे फारसं काही येत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की मुंडकी उडवायच्या प्रकाराला मी उगाच डोक्यावर घेतलंय, घराण्याचं वाटोळं आधीच ठरलेलं आहे तर सस्पेन्स उरतो कुठे, आणि वर घरातल्या मानसिक आजाराचं खापर सैतानावर फोडून दिग्दर्शक मोकळा झालाय. (पिक्चर पाहिला नसेल त्यांनी इथूनच मागे फिरा.)

एक तर तुम्ही एकटे नाही आहात. २०१८ मध्ये पिक्चर अमेरिकेत लागला तेव्हा समीक्षक खूश होते, पण थेटरातून बाहेर पडणाऱ्या लोकांनी सिनेमास्कोरच्या पाहणीत त्याला डी प्लस दिला, म्हणजे जवळपास नापासच. त्यामुळे ‘तुम्हाला कळलाच नाही’ वगैरे मी म्हणणार नाही.

पण रक्ताचं बघू. घरातली धाकटी मुलगी चार्ली, तिचा अपघात परत आठवायला लावतोय, सॉरी. पार्टीत केकमधले अक्रोड पोटात गेलेत, घसा सुजलाय, श्वास घेता येईना म्हणून पोरगी धावत्या गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढते, रस्त्यात मेलेलं जनावर दिसतं म्हणून तिचा मोठा भाऊ पीटर स्टिअरिंग फिरवतो आणि समोर खांब. आपटतं तेव्हा आपल्याला धड काही कळतच नाही, एक आवाज होतो फक्त. मग कॅमेरा पीटरच्या चेहऱ्यावर जो बसतो तो हलायचं नावच घेत नाही. तो मागे वळून बघत नाही, गाडी हळूहळू घरी आणतो आणि कुणाला काही न सांगता जाऊन अंथरुणात पडतो. सकाळी आई, म्हणजे ॲनी, गाडीपाशी जाते तेही आपण बघत नाही, दिसतोय पीटर आणि ऐकू येतेय आईची किंकाळी. मुंडकं दाखवलंय ते त्यानंतर, रस्त्याच्या कडेला, मुंग्या लागलेलं. नुसती किळसच आणायची असती तर तो शॉट धडकेलाच टाकून मोकळे झाले असते ना, एवढा वेळ आपल्याला त्या पोराबरोबर कोंडून कशाला ठेवलं असतं? शेवटी शेवटी ॲनी तारेने स्वतःचीच मान कापते त्या सीनबद्दल मात्र माझ्याकडे बचाव नाही, तो अंगावर यायलाच केलाय.

आता ‘सगळं ठरलेलं आहे’. ठरलेलं आहेच की, आणि पिक्चर ते लपवतही नाही! पार्टीला जातानाच त्या खांबावर आजीच्या (ॲनीच्या वारलेल्या आईच्या) सैतानपूजक पंथाचं चिन्ह दिसतं. वर्गात सोफोक्लीस या प्राचीन ग्रीक नाटककाराच्या नाटकावर चर्चा चाललेली असते की त्यातल्या हेराक्लीसच्या हातात काहीच नव्हतं तर शोकांतिका जास्त भीषण होते की कमी, आणि पीटरचं लक्षच नसतं. पहिल्याच शॉटमध्ये कॅमेरा ॲनीने बनवलेल्या छोट्या घरात शिरतो आणि तीच पीटरची खोली निघते. घराचं इंटिरियर सेट म्हणून बांधलं होतं, भिंती काढून लांबून शूट करता यावं म्हणून, त्यामुळे माणसं सतत खेळण्यातली वाटतात. म्हणजे ‘हे वाचणार का’ असा सस्पेन्स दिग्दर्शक आरी ॲस्टरला नकोच होता.

मग बघायचं काय? जेवणाच्या टेबलावरचा सीन बघायचा, ज्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही. भूत नाही, रक्त नाही, ॲनी झालेली टोनी कोलेट मुलावर तुटून पडते की कुणीच कशाची जबाबदारी घेत नाही, आणि मुलगा हळूच विचारतो की चार्लीला तर पार्टीला यायचंच नव्हतं, मग ती तिथे का होती? (आईनेच पाठवलं होतं.) बाप मध्ये बसून फक्त थांबवायला बघतोय. हे बोलायला कुठल्याही पंथाने भाग पाडलेलं नाहीये, हे त्यांचं स्वतःचं आहे. आजीने सापळा कितीही पक्का लावलेला असू दे, एकमेकांना ओरबाडायचं काम घरच्यांनी आपणहून केलंय, आणि मला भीती वाटते ती याची.

मानसिक आजाराबद्दल मात्र तुमचा मुद्दा मला अर्धा पटतो. ॲनीचा भाऊ सोळाव्या वर्षी गळफास घेतो आणि आईवर आरोप ठेवून जातो की ती माझ्या आत माणसं घालायला बघत होती. सुरुवातीला आपण हे आजार म्हणून ऐकतो आणि शेवटी तो शब्दशः खरा निघतो. ज्यांच्या घरात असं दुखणं आहे त्यांना हे बोचणारच. जोपर्यंत आजार की सैतान या दोन्ही शक्यता जिवंत आहेत तोपर्यंत पिक्चर जबरदस्त आहे, आणि शेवटी ट्रीहाऊसमध्ये पंथातल्या जोनबाई पायमन या सैतानाचं नाव घेऊन सगळं समजावून सांगायला लागल्या की हवाच जाते. पायमन तसा पिक्चरवाल्यांनी रचलेला नाही, सतराव्या शतकातल्या ‘लेसर की ऑफ सॉलोमन’ या मंत्रतंत्राच्या पोथीत तो उंटावर बसून येणारा राजा आहे, पण म्हणून त्याची एवढी ओळखपरेड करायची गरज नव्हती.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, चार्ली जिभेने टॉक आवाज काढते तो कशासाठी. तोच आवाज ती गेल्यावर ॲनीला गाडीत ऐकू येतो, आणि माळ्याच्या खिडकीतून पडून उठलेला पीटर तोच काढतो. पायमन एका शरीरातून दुसऱ्यात गेला एवढं त्यातून कळतं. चार्ली मुळात कधी नुसती चार्ली होती का, तर माझ्या मते नाही, जन्मापासूनच नाही, आणि हे धरून दुसऱ्यांदा बघितलात तर आजीच्या अंत्यविधीचे पहिले सीन पार वेगळे दिसतील.