दगडांवर पाणी कुणी ओतायचं?

पुण्यात आई-बाबा राहतात त्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये एक सौना आहे, म्हणजे आत बसून घाम काढायची तापवलेली खोली. बिल्डरने माहितीपत्रकात 'सोना बाथ' असं छापलं होतं, त्यामुळे आईची पहिली दोन वर्षं काहीतरी भलतीच समजूत होती. एवढी वर्षं तिथे गणपतीच्या मखराचं सामान आणि पाय मोडलेल्या खुर्च्या असायच्या. यंदा कमिटीने खोली साफ करून हीटर दुरुस्त केला आणि सोसायटीचा ग्रुप पेटला. एक पक्ष म्हणतो, हे आपल्या संस्कृतीत बसत नाही, बंद करा. दुसरा म्हणतो, हार्टसाठी उत्तम, अंगातलं विष बाहेर पडतं, रोज अर्धा तास बसा. तिसऱ्याला मेंटेनन्स किती वाढणार एवढंच विचारायचंय. शेवटी चेअरमनकाकांचा मला मेसेज आला: "तू फिनलंडला असतेस ना, तिकडचे नियम मराठीत लिहून पाठव. एका पानात बसव."

बसवले. पानात जे मावलं नाही ते इथे लिहिते.

मी नऊ वर्षं तांपेरेला आहे. फिनलंडची लोकसंख्या 55 लाखांच्या थोडी वर आणि सौना 30 लाखांच्या घरात. आमच्या इमारतीच्या तळघरातही एक आहे. गुरुवारी सात ते आठ आमची पाळी. महिन्याला थोडे पैसे भरायचे, दारावरच्या कागदावर नाव लागतं, संपलं. आठला पाच मिनिटं कमी असताना बसायच्या फळ्या धुऊन निघायचं, कारण आठच्या ठोक्याला पुढचं कुटुंब टॉवेल घेऊन दारात उभं असतं. नऊ वर्षांत यावरून भांडण झालेलं मी ऐकलं नाही. भांडायला लागणारा ग्रुपच नाही, हेही एक कारण असेल.

सगळ्यांना आधी कपड्यांचं विचारायचं असतं, म्हणून ते आधी. आपल्या घरच्या पाळीत काय घालायचं ते आपलं आपण ठरवायचं. सार्वजनिक सौनात बहुतेक ठिकाणी बायका-पुरुषांच्या खोल्या वेगळ्या, आणि आत कपडे नसतात. टॉवेल गुंडाळलात तर कुणी हटकत नाही. पोहण्याच्या तलावाला जोडलेल्या सौनात मात्र पोहण्याचा पोशाख घालून बसायला मनाई असते. हेलसिंकीच्या समुद्रकाठी 2016 मध्ये उघडलेल्या, पर्यटकांच्या आवडत्या सौनात स्त्रीपुरुष एकत्र बसतात, तर तिथे तोच पोशाख सक्तीचा. म्हणजे तत्त्वबित्त्व काही नाही, दारावरची पाटी वाचायची.

तलावाच्या सौनात मी ती पहिल्यांदा वाचली नव्हती. ओल्या पोशाखातच आत शिरले. एका आजींनी हळूच पाटीकडे बोट दाखवलं. मी बाहेर गेले, पाच मिनिटं हातात टॉवेल धरून उभी राहिले आणि परत आत आले. कुणी वर पाहिलंही नाही. मीच पाहत होते: सिझेरियनचा व्रण, सुरकुतलेली पोटं, एका बाईंचा एक स्तन काढलेला. तोवर बाईचं अंग मी जाहिरातीत नाहीतर आरशात पाहिलं होतं. संस्कृतीवाल्या पक्षाला माझं एवढंच सांगणं आहे, की नाशिकला सिंहस्थात नग्न साधू गोदावरीवर येतात तेव्हा आपण हात जोडतो. कुंभमेळा 2017 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेला, फिनलंडची सौना संस्कृती 2020 मध्ये त्याच यादीत आली. पण ते साधू पुरुष असतात. बाईच्या अंगाचा विषय निघाला की आपल्याला संस्कृती आठवते.

इथला खरा शिष्टाचार पाण्याचा आहे. आधी साबण लावून आंघोळ, मग फळीवर छोटा टॉवेल अंथरून त्यावर बसायचं. भट्टीवरच्या तापल्या दगडांवर डावभर पाणी घातलं की वाफेची एक लाट कानांवरून पाठीवर उतरते. तिला इथे 'लोयल्यू' म्हणतात, आणि तिच्यासाठीच तर आलेलो असतो. नव्याने आलेल्याने आल्या आल्या डावाला हात घालायचा नाही. ज्याच्या हाती डाव असेल त्याने विचारायचं, "आणखी घालू?" कुणी नको म्हटलं तर थांबायचं. आपल्यालाच सोसेना तर एक पायरी खाली उतरायचं, तिथे गरम कमी लागतं. हळू बोललेलं चालतं, फोन चालत नाही. क्लबहाउसमध्ये म्हणे 'दगडांवर पाणी टाकू नये' अशी पाटी आहे, कारण कुणीतरी थेट निलगिरीचं तेल ओतलं होतं. तेलाला बंदी हवीच, ते पेट घेऊ शकतं. पण पाणी सोसणारा हीटर बसवा. पाण्याशिवाय तो नुसता गरम डबा आहे.

दोन वर्षांपूर्वी आई आली होती. आमच्या पाळीत ती गाऊन घालून खालच्या पायरीवर बसली आणि तिसऱ्या मिनिटाला "अगं आई गं" करत उठली. मंगळसूत्राच्या वाट्यांचा चटका बसला होता. धातू तापतो, दागिने बाहेर काढून ठेवायचे, हे सांगायला मीच विसरले होते. नंतर रमली. म्हणाली, "हे बाळंतिणीच्या शेकासारखं आहे गं, ओव्याच्या धुरीची तेवढी कमी." तिला मी सांगितलं, की इथल्या बायका पूर्वी सौनातच बाळंत व्हायच्या, कारण घरातली सगळ्यात ऊबदार आणि स्वच्छ जागा तीच. "मग बरोबर," म्हणाली, जणू फिनलंडचं आता तिला पटलं.

आता हार्टवाला पक्ष. ग्रुपवर फिरतंय ते संशोधन खरं आहे. 2015 मध्ये प्रसिद्ध झालं. पूर्व फिनलंडच्या कुओपिओ भागातले 2315 मध्यमवयीन पुरुष, वीसेक वर्षांचा पाठपुरावा. आठवड्यातून चार ते सात वेळा सौना घेणाऱ्यांत अचानक हृदयविकाराने होणारे मृत्यू, एकदाच घेणाऱ्यांपेक्षा बरेच कमी दिसले. पण ही माणसं जन्मभर सौनात बसणारी, आणि ज्याची तब्येत बरी तोच जास्त वेळा जाणार, हेही आहेच. यावरून साठीतल्या काकांनी पहिल्याच दिवशी ऐंशी अंशांत अर्धा तास बसावं असं निघत नाही. पहिल्यांदा आठ-दहा मिनिटं पुरे. बाहेर येऊन गार व्हायचं, पाणी प्यायचं, वाटलं तर परत जायचं. दारू पिऊन, तापात किंवा भरल्या पोटी नको. नुकता झटका येऊन गेलेल्यांनी, छातीत दुखणाऱ्यांनी, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारायचं. विष वगैरे काढण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. घामात मुख्यतः पाणी आणि मीठ. कमी झालेलं वजन दोन ग्लास पाण्यात परत येतं. जास्त वेळ बसण्याची चढाओढ फिनलंडनेही करून पाहिली. हेइनोला गावात तिची जागतिक स्पर्धा व्हायची; 2010 च्या अंतिम फेरीत 110 अंशांत एक स्पर्धक दगावला आणि स्पर्धा कायमची बंद झाली.

माझ्या पानावर शेवटचा नियम मात्र इथल्या कुठल्या पाटीवरचा नाही. तांपेरे हे एके काळी कापड गिरण्यांचं गाव, आपल्या गिरणगावासारखं. कामगारवस्तीच्या पिस्पाला भागात 1906 मध्ये सुरू झालेला रायापोर्ती सौना आजही चालू आहे, देशातला सर्वांत जुना सार्वजनिक सौना. अशा वस्त्यांतल्या घरांत न्हाणीघर नसायचं. शनिवारी तिथे जाऊन अंग धुवायचं. आमच्या सोसायटीत क्लबहाउसला सौना आहे, आणि रात्रपाळीचे वॉचमन पंपरूमच्या मागे नळाला पाइप लावून आंघोळ करतात. डिसेंबरातही. म्हणून मी लिहिलं: सौनाच्या बाहेर जो गरम पाण्याचा शॉवर आहे, तो सकाळी सहा ते आठ वॉचमन आणि सफाई कामगारांसाठी उघडा ठेवावा. हीटर तसाही बसवलेलाच आहे.

चेअरमनकाकांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "छान लिहिलंयस. बाकी सगळे नियम लॅमिनेट करून लावतोय. शेवटचा एजीएमला ठेवू."

एजीएम मार्चमध्ये झाली. आईला विचारलं, तर म्हणाली, सगळा वेळ पार्किंगमध्येच गेला.