पांढरं कार्ड

काल दुपारी आमच्या ई-सेवा केंद्रात एक पोरगा आला. एस.वाय.चा. कॅरीबॅगमध्ये फाइल, फाइलमध्ये यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. पांढरं. मला म्हणाला, "ताई, कॉलेजवाला सांगस, पांढऱ्या कार्डले रायटर नही भेटत. पिवळं करी द्या ना."

रायटर म्हणजे लेखनिक, आपण सांगू ते पेपरात लिहिणारा. आणि ज्यांना हे रंग माहीत नाहीत त्यांच्यासाठी: दिव्यांगत्व 40 टक्क्यांच्या आत असेल तर पांढरं, 40 ते 79 पिवळं, 80 आणि त्यावर निळं. रंग ठरतो तो डॉक्टरांनी दिलेल्या टक्क्यांवर. केंद्रात बसलेल्या माझ्यासारखीला चहा पाजून तो बदलत नाही. पण पोराला हसायचं कसं? माझंही कार्ड पांढरंच आहे.

सहावीत असताना माझ्या उजव्या हाताची चार बोटं कडबाकुट्टीत गेली. दिवाळीची सुट्टी, तिन्हीसांजेची वेळ, म्हशीचा चारा. आमच्या बोरी नदीकाठच्या पट्ट्यात दोन-चार गावांआड असा एक हात निघतोच, त्यामुळे कोणी फार चौकशी करत नाही. अंगठा वाचला. टक्के मोजताना सगळ्यात जास्त भाव अंगठ्याला असतो, आणि तोच शाबूत, म्हणून मी 40 च्या आत. डाव्या हातानं लिहायला शिकले. अक्षर चांगलं येतं, पण बैलगाडीच्या चालीनं.

बी.ए.चं पहिलं वर्ष कोरोनात गेलं. परीक्षा ऑनलाइन, चारातला एक पर्याय निवडा. माऊसला एक बोट पुरतं. इतक्या सुखाची परीक्षा मी आयुष्यात दिली नाही. मग 2022 मध्ये सगळं ऑफलाइन झालं आणि अर्थशास्त्राच्या पहिल्याच पेपरात दोन अख्खे प्रश्न कोरे राहिले. येत होते. हात तिथवर पोचलाच नाही.

जादा वेळ मागायला परीक्षा विभागात गेले. कॉलेजचं नाव घेत नाही, बाकी माणसं चांगली होती. भाऊसाहेबांनी कार्ड उलटं-सुलटं पाहिलं. "ताई, 40 च्या खाली काही सवलत नाही." मग माझ्या अर्जाकडे पाहून म्हणाले, "आणि डाव्या हातानं किती छान लिहितेस की!" अर्ज लिहायला मला पाऊण तास लागला होता, हे त्यांना कुठून दिसणार?

माझं भांडण त्या एका शब्दाशी आहे. सवलत.

एसटीचं 75 टक्के कमी तिकीट ही सवलत आहे. प्रवेशातल्या 5 टक्के राखीव जागा हा आरक्षणाचा भाग. तिथे 40 ची रेघ आहे, मला मान्य आहे. कुठेतरी रेघ मारावी लागते, आणि माझ्यापेक्षा जास्त अडचण असलेल्याला आधी मिळावं. पण पेपरला जास्तीचा वेळ ही सवलत कशी? मला एक मार्क फुकट मिळत नाही. येतं तेवढं कागदावर उतरवायला मिळतं, बस. ती सोय आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 17 उघडून बघा. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक हे सगळं तिथे "दिव्यांग विद्यार्थ्यां"साठी लिहिलंय. 40 चा आकडा त्या ओळीत नाही. आपल्या ऑफिसांनी आरक्षणाची फूटपट्टी उचलली आणि परीक्षेच्या बाकावर आणून ठेवली.

हे मी काढलेलं शहाणपण नाही. विकास कुमार नावाच्या यूपीएससीच्या उमेदवाराला लिहिताना हाताला पेटके यायचे. त्याला रायटर नाकारला. तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, आणि 11 फेब्रुवारी 2021 ला न्या. चंद्रचूड यांच्या पीठानं सांगितलं की रायटरसाठी 40 टक्क्यांची अट लावता येणार नाही. त्यानंतर 10 ऑगस्ट 2022 ला केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयानं 40 च्या आतल्यांसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. लिहिण्यात अडचण आहे असं सरकारी दवाखान्याचं ठराविक नमुन्यातलं प्रमाणपत्र आणायचं. मग रायटर, आणि तासाला किमान 20 मिनिटं जादा. म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. मी ती पानं छापून नेली. भाऊसाहेबांनी चष्मा लावून वाचली, वर साहेबांना दाखवली, आणि आठ दिवसांत परवानगी आली. त्यांनाही कोणी सांगितलं नव्हतं. राग कोणावर काढायचा तेच कळेना.

पण परवानगी म्हणजे अर्धं काम. रायटर आपला आपण शोधायचा. तेव्हाच्या नियमानं तो शिक्षणानं आपल्यापेक्षा एक पायरी खाली हवा होता, दहावी झालेला हवा होता, आणि त्याची स्वतःची परीक्षा त्या दिवशी नको. आणि आमचे हिवाळी पेपर आले कापसाच्या वेचणीत. किलोला दहा रुपये मिळत असताना कुठलं पोरगं वावर सोडून माझा पेपर लिहायला येईल? शेवटी अकरावीतला मामेभाऊ आला, सायन्सचा. आम्हाला बसवलं क्रीडा साहित्याच्या खोलीत, भाल्यांच्या आणि फाटक्या नेटच्या शेजारी. मागणीचा वक्र काढायचा होता. मी सांगतेय, "उभ्या अक्षावर किंमत, आडव्यावर नग." तो माझ्या तोंडाकडे बघतोय. शेवटी म्हटलं, "आपल्या वावरातून नाल्याकडे उतार जातो ना, तसा डावीकडून उजवीकडे उतरव." असा झकास काढला की बस! फक्त "उपभोक्ता" प्रत्येक ठिकाणी "उपभोगता" लिहिलं. पेपर संपायच्या आधी सगळे वाचून दुरुस्त करून घेतले. जादा वेळ असाही जातो. त्या दिवसांची मजुरी त्यानं घेतली नाही. मामीनं मात्र दोन-तीनदा आठवण करून दिली.

एक गंमत सांगते. आमच्या विद्यापीठाला 2018 पासून बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारमधल्या आम्हा सगळ्यांच्या मार्कशीटवर ते छापलेलं असतं. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या म्हणायच्या आणि मुलगा सोपानदेव लिहून घ्यायचे. टक्केवारी कोणी विचारली नाही म्हणून ओव्या राहिल्या.

कोणी म्हणेल, खोटी प्रमाणपत्रं निघतील. निघतीलही. ती तपासायला सरकारी डॉक्टरांची सही आहेच की. चार लबाडांपायी खऱ्याला कोरा पेपर देऊन यायला लावायचं, हा कुठला न्याय? आणि कॉलेजांना एवढं तरी जमावं: प्रवेशाच्या फॉर्मवर "लिहिण्यात अडचण आहे का?" एवढा एक रकाना, आणि एन.एस.एस.च्या पोरांची रायटर म्हणून यादी. एफ.वाय.चं पोरगं टी.वाय.वाल्याला नियमानं चालतं का, हे परीक्षा विभागानं आधीच बघून ठेवावं. पेपरच्या आदल्या दिवशी नाही.

तर कालचा पोरगा. त्याचा हात थरथरतो, पेन धरला की जास्तच. मार्गदर्शक सूचना छापून दिल्या, प्रमाणपत्राच्या नमुन्यावर खूण केली, कोणत्या खिडकीवर आधी जायचं ते सांगितलं. कार्ड पांढरंच राहू दे म्हटलं. त्याचे पेपर दिवाळीनंतर आहेत. अकरावी-बारावीचं, अक्षर बरं असलेलं, मराठी नीट लिहिणारं कोणी पोर-पोरगी ओळखीत असेल तर मला मेसेज करा. वेचणीचे दिवस बुडतील त्याची मजुरी आम्ही केंद्रातले दोघं-तिघं मिळून देतोय.