एवढंसंच?

हवा अशी स्थिर मागून मिळत नाही. काल मिळाली. दुर्बिणीत गुरूचे पट्टे लख्ख दिसत होते आणि त्यांच्यावरून आयोची, म्हणजे गुरूच्या एका चंद्राची, सावली सरकत होती, टाचणीच्या टोकाएवढा काळाकुट्ट ठिपका. नेमके तेव्हाच शेजारचे गृहस्थ उगवले. "काय बघताय? बघू तरी!"

बघा की. पण डोळ्याने बघा ना, नळीला हात कशाला? दोन्ही हातांनी गच्च धरली. गेला गुरू! माझ्या दुर्बिणीला मोटर नाही. दोनशे पटीवर नुसत्या पृथ्वीच्या फिरण्यानेच ग्रह मिनिटभरात बाहेर जातो, त्यात हा हिसका. पुन्हा शोधून दिला. साहेबांनी उजवा डोळा आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, लावला आणि तोच मिटला. "काहीच दिसत नाही हो." दुसरा मिटा म्हटलं, तर दोन्ही मिटले. शेवटी एकदाचं दिसलं, आणि माणूस म्हणतो काय, "एवढंसंच?"

एवढंसंच! अहो, त्या एवढ्याशात हजारभर पृथ्व्या सहज मावतात. तो काळा ठिपका म्हणजे गुरूवर चाललेलं खग्रास सूर्यग्रहण आहे! पण ऐकतो कोण, तोवर मोबाईल बाहेर आला होता. आयपीसवर टेकवला आणि फ्लॅश मारला. फ्लॅश! साठ कोटी किलोमीटरवरच्या ग्रहावर उजेड पाडायला! पोचायलाच अर्ध्या तासाच्या वर लागेल त्याला. मी नळी सावरून पुन्हा फोकस करेपर्यंत सावली पलीकडे उतरूनही गेली.

आणि ऑगस्ट आला की 'आज मंगळ चंद्राएवढा दिसणार' हा मेसेज पाठवणारे हेच. तो 2003 चा आहे हो! तेव्हाही मंगळ साडेपाच कोटी किलोमीटरपलीकडेच होता. मूळ वाक्यात '75 पट मोठा करून बघितला तर' असं होतं, ते 'तर' वाटेत कुणीतरी गिळलं. मग ती ग्रहांची परेड. ग्रह कायम त्याच पट्ट्यातून फिरतात, जाणार कुठे? आणि सुपरमून! पौर्णिमेला 'आज लावा ना दुर्बीण' म्हणणाऱ्यांना तर मी दारातूनच परत पाठवतो. ना सावल्या, ना उठाव, नुसता डोळ्यांत खुपणारा प्रकाश. अष्टमी-नवमीला या, उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडा बघा. पण अष्टमीला कुणाला वेळ नसतो.

अर्थात चिडतंय कोण, तर कपाळाला लाल दिवा बांधून, कमरेत वाकून, मध्यरात्री ढगाला अरे-तुरे करणारा इसम. ढग ऐकत नाहीत, तरी रोज बोलतो. घरच्यांनी तर आता खिडकी लावून घ्यायला सुरुवात केली आहे.

जाताना गृहस्थ म्हणाले, "पुढच्या वेळी पाहुण्यांना घेऊन येतो. चंद्रावरचा तो झेंडा दाखवा त्यांना."