घड्याळाला चार्जर कशाला लागतो?

वैताग आलाय! सोलापूरच्या नवी पेठेत वडिलांचं चावीचं एचएमटी जनता घड्याळ सर्व्हिसिंगला द्यायला गेलो, तर शेजारी उभा पोरगा म्हणतो, "काका, फेका की हे, स्मार्टवॉच घ्या." आणि हा काही पहिला नाही. ऑफिसात तेच, लग्नात तेच, घरी भाच्याचंही तेच!

फेकू? का म्हणून? सकाळी चावी दिली की दिवसभर चालतं, सेकंदाला 5 ठोके. वीज नको, ब्लूटूथ नको. कारागिराने मागचं झाकण काढलं की बॅलन्स व्हील, म्हणजे ठोके देणारं चाक, झुलताना दिसतं, मध्ये केसाएवढी बारीक स्प्रिंग उघडते-मिटते. तेल सुकलं तर तो सगळं सुटं करतो, धुतो, तेल घालून परत जोडतो. झालं!

तुमच्या स्मार्टवॉचची बॅटरी बसली की? आतच चिकटवलेली. दुकानदार म्हणणार, "दुरुस्तीपेक्षा नवीनच घ्या." बॅटरी टिकलीच, तर कंपनी अपडेट बंद करणार. काही वर्षांत ड्रॉवरमध्ये कचरा. ह्याला घड्याळ म्हणायचं?

म्हणे, चावीचं घड्याळ वेळ चुकवतं. लाखालाखांच्या स्विस क्रोनोमीटरला, म्हणजे अचूकता तपासलेल्या घड्याळालासुद्धा, प्रमाणपत्र देताना दिवसाला उणे 4 ते अधिक 6 सेकंदांची सूट असते. कुणाचं काय अडलं त्या सेकंदांनी?

आणि ते मनगटावरचं थरथरणं! माणूस समोर बसून दुःख सांगतोय, आणि हे स्मार्टवॉचवाले मेसेज बघतायत. वर, "पाणी प्या" म्हणून आठवण. मे महिन्यात, सोलापुरात! घसा सांगत नाही का?

माझं घड्याळ शनिवारी मिळणार आहे. पुन्हा कुणी "फेका" म्हणू नका.