सणाच्या बॅनरवर कोण कमेंट करणारे?

सोलापुरातल्या दुकानांची इन्स्टा पेजेस बघितली की डोकं फिरतं राव. सण आला की तोच रेडिमेड बॅनर, कोपऱ्यात मालकाचा फोटो, खाली लोगो, आणि मग मलाच विचारणार, "पेज चालत का नाही बे?" अरे चालणार कसं, बघण्यासारखं काय टाकलंय त्यात! जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली चादर विकता तुम्ही, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माग खडखडतोय, जेकार्डच्या पंच कार्डांवरून, म्हणजे नक्षी ठरवणाऱ्या भोकाभोकांच्या पुठ्ठ्यांवरून, चादरीवर मोर उमटतोय, कांडीवरचं सूत संपलं की कामगार झटक्यात धोटा (आडवा धागा इकडून तिकडं नेणारा) बदलून माग परत चालू करतो, हे पंधरा सेकंद मोबाईलवर शूट करून टाका ना, आवाजासकट, वरून हिंदी गाणं चिकटवू नका. आणि म्हणे कंटेंट मिळत नाही!

बरं, कुणी विचारलंच "डबल चादर केवढ्याला?" तर उत्तर काय, "डीएम करा". का? दुकानात आलेल्या गिऱ्हाईकाला असं सांगता का? रेट लिहा तिथंच, साईज लिहा, कुरिअरनं पाठवता का ते लिहा, त्याखाली अजून चार जण विचारतील, तीच तर एंगेजमेंट असते. ते सोडून फॉलोअर विकत घ्यायला निघालेत, जे आयुष्यात कधी एक टॉवेलसुद्धा घेणार नाहीत.